खाणं घालायचा कोट

मिल क्रीक, प्रिन्स एडवर्ड बेट
११ मे १९९१

प्रिय लीटा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे कोणी गेलेलं नाही. नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे मी तुला कधी लिहीत नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. आम्ही सगळे ठीक. मेव्हिसचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण घरात कुरकुरणारं तेवढं एकच नसल्यामुळे त्याचं कोणी मनावर घेत नाही. तुझी तब्येत, तुझं लिन गाव, तुझी मांजरं, सगळं बरं असेल.

एखादी गोष्ट फुकट द्यायला किती पडतं ते मला या महिन्यात कळलं. ट्रकचा एक दिवस, माझ्या पाठीचे दोन, डाव्या अंगठ्याचं नख, सामान न्यायला आलेल्या माणसांनी फस्त केलेले दोन ॲपल पाय, आणि मेव्हिसचा तीन दिवसांचा अबोला, कारण कोल्हिणींची लाकडी बाळंतपेटी उचलताना ती माझ्या हातून तिच्या ट्यूलिपांवर पडली. आणि हे सगळं कशासाठी, तर चाळीस वर्षं कोठारात कुजत पडलेल्या बाबांच्या सामानासाठी. विकायला काढलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं. देतो म्हटल्यावर माणसं यादी घेऊन आली.

झालंय असं की गाडी बंद झाली, रूळही उचलले, आणि स्टेशन तेवढं उरलं. त्यात आता कोल्ह्यांचं म्युझियम होतंय. म्हणजे कोल्हे पाळणाऱ्यांचं. नोरीन गोडे नावाची बाई ते चालवते. जन्मभर शाळेत शिकवत होती, त्यामुळे समोरच्याला उत्तर येणार नाही असं धरूनच ती प्रश्न विचारते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली,

"हार्लन, चिमटे आणि बादल्या मला कुठल्याही कोठारात मिळतील. वस्तू सगळेच देतात. तुम्ही बोलायचं."

"बोलण्याचे वेगळे पडतील."

"ते पायमध्ये आलं," ती म्हणाली. तेव्हा तिचा तिसरा तुकडा चालू होता.

मग काय, बोललो. मानेत अडकवायचा चिमटा दिला, कानात नंबर गोंदायची पक्कड दिली. जाळीच्या पिंजऱ्यांना लावायचे पितळी आकडे, घोड्याचं मांस कापायचा सुरा, बाबांची दुर्बीण, आणि फाटकावरची ती पाटी: 'बाळंतपणं चालू आहेत. आत येऊ नये. मोठ्याने बोलू नये.' पाटी बघून नोरीन हसत सुटली. म्हणाली, हे माद्यांसाठी की माणसांसाठी? मी म्हटलं, बाई, आमच्या घरी एप्रिलात माणसं मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हती. घाबरलेली कोल्हीण पिल्लू तोंडात धरून पिंजराभर फिरते, आणि फिरून फिरून शेवटी मारते. म्हणून मार्च संपता संपता आई दारांच्या बिजागऱ्यांना चरबी लावायची, आणि एप्रिलभर सगळं घर कुजबुजत बोलायचं. गावातले लोक चेष्टा करायचे, कॉस्टेनांची पोरं दुकानात येऊन साखरसुद्धा चोरल्यासारखी मागतात. तुला आठवत असेल. मेव्हिस म्हणते, अजूनही एप्रिलात माझा आवाज खाली येतो. मला काही तसं वाटत नाही.

नोरीननं आणखी एक विचारलं, तेही तुला सांगतो. माद्यांच्या वहीतली नावं वाचत होती: राणी, धाकटी राणी, पाद्रीण, लंगडी मेरी. मान वर न करता म्हणाली, "नावं ठेवायचात आणि डिसेंबरात मारायचात?" मी म्हटलं, "नावं माद्यांना. डिसेंबर बाकीच्यांना." तिनं ते लिहून घेतलं. लिहून घेतल्यावर ते मला बोललो तेव्हापेक्षा वाईट वाटलं. पण खोटं नाही. रुपेरी कोल्ह्याच्या एकेका कातडीवर आपण शाळा शिकलो, आपल्या पायांत बूट आले.

आणि बाबांचा खाणं घालायचा कोट दिला. मेव्हिसनं तो लग्नापासून एकदाही उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला नाही, त्यामुळे तो जाताना ती एकटीच खूश होती. बाबांनी तो पंचवीस वर्षं घातला आणि एकदाही धुवू दिला नाही. कोल्हीण माणूस ओळखत नाही, वास ओळखते, हे नोरीनला समजावून सांगावं लागलं नाही. कोट ट्रकमध्ये टाकला तेव्हा तीच दोन पावलं मागे सरली.

आता मुद्द्यावर येतो. प्रत्येक वस्तूखाली एक छोटी पाटी लावायची आहे. कोटाच्या पाटीचा मसुदा नोरीननं मला दाखवला. कोणीतरी तिला ती जुनी गोष्ट सांगितलेली दिसते. तीनच ओळी आहेत: 'अँब्रोज कॉस्टेन यांचा खाणं घालायचा कोट. माद्यांना फक्त याच वासाची सवय होती. १९४१च्या एप्रिलात घरातल्या मुलीने एका परक्या तरुणाला आवारात आणल्यामुळे एका रात्रीत सत्तावीस पिल्ले दगावली.' त्यात तुझं नाव नाही, पण घरात मुलगी एकच होती आणि गावात म्हातारे अजून बरेच आहेत.

तुझी काही हरकत नसावी असं मी तिला म्हटलं. पन्नास वर्षं झाली. तरी तुला विचारल्याशिवाय नको म्हणून लिहितोय. तू मला ओळखतेसच. कोंबड्यांच्या खुराड्यात एक पाना घेऊन दुकान मांडलं आणि आज अर्ध्या परगण्याचे बटाटे माझ्या यंत्रांनी निघतात, ते एकाच गुणावर: जे असेल ते मी माणसाच्या तोंडावर सांगतो. यंत्र वाईट असेल तर वाईट म्हणतो, गिऱ्हाईक वाईट असेल तर तेही. या बेटावर असा एक माणूस दाखव ज्याच्याशी हार्लन कॉस्टेन आडून बोलला. म्हणून तुलाही सरळ विचारतो: चालेल ना?

उद्घाटन २९ जूनला आहे. चहा आणि शेवंडाचे सँडविच. ये असं म्हणणार नाही, पण आलीस तर वरच्या खोलीत पलंग आहे.

तुझा,
हार्लन


मिल क्रीक
३० मे १९९१

प्रिय लीटा,

तुझं पोस्टकार्ड मंगळवारी मिळालं. कार्डावर लाटा आणि दीपगृह आहे, आणि मागे दोनच ओळी. मेव्हिसनं ते माझ्याआधी वाचलं. पोस्टकार्डाचं तेच तर असतं. वाचून म्हणाली, "तुझी बहीण शब्द तराजूत टाकून देते." मग विचारलं, "खिशाचं काय म्हणतेय?" मी म्हटलं, मला काय माहीत.

तू लिहिलंस: 'कोट ठेवा. माझं नाव नको. त्या बाईंना म्हणावं, आतल्या खिशात बघा.'

एवढंच. हरकत आहे का नाही, ते नाही.

मी काही नोरीनला सांगायला गेलो नाही. इकडे पेरणीचे दिवस, गिऱ्हाईकांची रीघ. या वर्षी माती उशिरा वाळली, त्यामुळे सगळ्यांना सगळं एकाच आठवड्यात हवंय आणि सगळ्यांची यंत्रं एकाच आठवड्यात मोडतायत. पण पोस्टात काम करणारी बर्नी ही नोरीनची भाची. पोस्टकार्ड इथं पोचायच्या आधी गावभर पोचलं होतं. बुधवारी दुपारी दुकानात फोन वाजला.

"हार्लन, मी नोरीन. आतला खिसा अस्तराच्या आत आहे. बटण गंजलं होतं, कापावं लागलं. चालेल ना?"

"कापल्यावर विचारता?"

"एक सुतळी निघाली. गाठ मारलेली, गोल. माझं मनगटही जाईल न जाईल एवढी. तिला केस चिकटलेत, आखूड, पिवळसर." ती थांबली. शाळेत थांबायची तशीच थांबली असणार. "तुमच्याकडे कुत्रा होता का?"

"आमच्याकडे? आवारापासून अर्ध्या मैलात बाबांनी कुत्रा येऊ दिला नाही. कोल्हे पाळणारा कुत्रा ठेवतो का?"

"मग ही कशाची?"

"सुतळी आहे, बाई. सुतळीचे हजार उपयोग."

"आणि केस?"

"केसांचं मला विचारू नका, माझे होते ते गेले," असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

काउंटरपलीकडे म्हातारा बॉइड उभा होता. आपल्या पलीकडच्या शेतातला, तोच. तो काहीतरी चाचपत होता, बहुतेक मोठे खिळे. मला म्हणाला, "कुत्र्याचं काय विचारत होती रे?" त्याला एका कानानं ऐकू येत नाही, पण तो कान फोनच्या बाजूला नव्हता.

मी म्हटलं, "काही नाही."

बॉइडनं खिळे घेतले. दारापर्यंत गेला, परत आला, म्हणाला, "चौदा वर्षं जगला तो. चांगला कुत्रा होता." आणि गेला.

बाकी सगळं ठीक. मेव्हिसचे ट्यूलिप पुन्हा उभे राहिलेत. पत्र इथंच थांबवतो, गिऱ्हाईक आलंय.

हार्लन

गिऱ्हाईक आलेलं नाही. पण थांबवतो.


मिल क्रीक
१२ जून १९९१

प्रिय लीटा,

हे पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय. सकाळचे दहा वाजलेत, बाहेर पोरगा गिऱ्हाईकं बघतोय. घरी लिहायला बसलो की मेव्हिस दर पाच मिनिटांनी कॉफी हवी का विचारते. तिला कॉफी नको असते, कागद बघायचा असतो.

आधी ते 'कोणीतरी'. नोरीनला ती गोष्ट कोणीतरी सांगितली नाही, मी सांगितली. पहिल्याच दिवशी, दुसऱ्या ॲपल पायबरोबर. आणि फक्त नोरीनला नाही. या काउंटरवर मी ती पंचेचाळीस वर्षं सांगत आलोय. नवा माणूस आला, पाऊस लागला, यंत्राचा भाग यायचा आहे, की मी सांगायचो: आमच्या बहिणीचा एक प्रियकर होता, शेवंडं डब्यात भरायच्या कारखान्यातला, आणि तो असा काही वासाचा की सात कोल्हिणींनी आत्महत्या करायच्या ऐवजी पिल्लंच मारली. लोक हसायचे. हशा कुठं येतो ते मला पाठ आहे. एकदा खुद्द तो कारखान्यातला लॉर्न दुकानात होता, नांगराचा फाळ घ्यायला आलेला. युद्धावरून परतला त्या वर्षीची गोष्ट. सगळे पांगल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "हार्लन, मी तुमच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं." मी त्याला म्हटलं, "जुन्या गोष्टी, लॉर्न," आणि फाळ कागदात बांधून दिला. तो पुन्हा कधी आला नाही, दुसऱ्या गावाहून सामान आणायचा. गेला बिचारा, चार वर्षं झाली.

आता वीस एप्रिलचा रविवार.

बाबा फुप्फुसाच्या दुखण्यानं पडले होते, त्याला दहा दिवस झाले होते. तू त्यांचा कोट घालून दोन्ही वेळा खाणं घालत होतीस. मला आत मज्जाव होता, माझे पाय वाजतात असं बाबा म्हणायचे. मी सतरा वर्षांचा, तू एकोणीसची, आणि माद्या तुझ्याशी बाबांपेक्षा शांत असायच्या, कारण तू बारीक गुणगुणायचीस. बाबा वरच्या खिडकीतून दुर्बीण लावून बघायचे. मला एकदा म्हणाले, "त्या पोरीला बघ. तुझ्या हातात बादली वाजते, तिच्या हातात वाजत नाही." मला ते लागलं होतं. त्यामुळे पुढचं केलं असं मी म्हणत नाही, पण लागलं होतं.

मला कुत्रा हवा होता. सात वर्षांचा असल्यापासून हवा होता. बंदरावर एका कोळ्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, एक तो मला फुकट देणार होता. माझा कोट आईनं बाह्या वाढवायला उसवून ठेवलेला. जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. मागच्या दाराशी खुंटीवर बाबांचा कोट होता. तो मी घातला. जाताना चार मैल चिखल, येताना चार मैल चिखल आणि पोटाशी पिल्लू. ते थरथरत होतं म्हणून बटणं लावून आत घेतलं. ते आत मुतलं. गळ्यातली सुतळी त्याला काचत होती, ती मी काढली आणि आतल्या खिशात टाकली. मग बॉइडच्या कोठारात गेलो. बॉइड म्हणाला, "तुझा बाप ठेवू देणार? एप्रिलात तो पाद्रीबुवांनासुद्धा फाटकाबाहेर उभं करतो." मी म्हटलं, बाळंतपणं संपली की विचारतो, तोवर सांभाळ. कोट कुंपणावरच्या बर्फानं पुसला आणि साडेचारला परत खुंटीवर लावला. पाच वाजता तू तो घालून आवारात गेलीस. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो.

मला कळत नव्हतं असं नाही. कोल्ह्याच्या घरात वाढलेल्या पोराला वास म्हणजे काय ते कळतं. मला वाटलं, पुसलाय.

सकाळी बाबा उठून आले. आईनं धरलं होतं तरी आले. सात पेट्या उघडल्या. एकोणतीसमधली दोनच जिवंत होती, ती आईनं एप्रनमध्ये घालून नेली आणि आपल्या मांजरीच्या दुधाला लावली. त्यानंतरचं भांडण मी कोठीच्या दाराच्या फटीतून पाहिलं आणि ऐकलं. माझे कान चांगले आहेत, तुला माहीत आहे. चांगले असावेच लागायचे. त्या घरात कोणी मोठ्यानं बोलतच नसे.

तीन माद्या अजून व्यायच्या होत्या. म्हणून बाबा कुजबुजत होते. लीटा, आपल्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण शेजारच्या खोलीत झोपलेल्या आत्यालाही ऐकू गेलं नाही.

"कोण होता?"

"कोणी नाही, बाबा."

"शनिवारी तो कारखान्यातला कुंपणाशी उभा होता. मी दुर्बिणीतून बघितला."

"कुंपणाबाहेर होता."

"मग ही सत्तावीस कशानं मेली? कोणता परका वास आला त्यांना?"

कोट तुझ्या अंगावरच होता आणि तुझा हात आत, अस्तराशी होता. मला वाटलं, तुला थंडी वाजतेय.

"ज्याला आणलंस त्याच्याकडे जा," बाबा म्हणाले. तेही कुजबुजतच. मग खोकले, तेवढा एकच मोठा आवाज झाला, आणि त्या आवाजानं त्यांचेच डोळे आवाराकडे गेले.

तू कोट काढून खुंटीला लावलास. गुरुवारी गाडीनं गेलीस, लॉर्नकडे नाही, बोस्टनकडे. डब्याचं दार तू हळूच लावलंस. स्टेशनपासून आवार दोन शेतं लांब होतं.

आता पन्नास वर्षांनी तू मला खिशात बघायला सांगतेस. म्हणजे तो हात थंडीनं आत गेला नव्हता. सुतळी तुझ्या बोटांत होती, बाबा समोर होते, मी कोठीत होतो, आणि तू ती बाहेर काढली नाहीस. का, ते मी विचारत नाही. मी विचारायच्या जागेवर नाही. बाबांनी मला हाकललं असतं तर मी कुठं गेलो असतो, याचा विचार मात्र मी या दोन आठवड्यांत पुष्कळ केला. खुराडं नाही, पाना नाही, दुकान नाही. काय असतं ते माहीत नाही. तू लिनला एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या आजाऱ्यांना उचललंस, ते मला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळायचं.

कुत्रा मी आणलाच नाही. बॉइडकडे परत गेलोच नाही. तो म्हणतो, हार्लन न्यायला येईल म्हणून त्यानं नाव ठेवलं नव्हतं, 'कुत्रा' अशीच हाक मारायचा. शेवटपर्यंत तेच राहिलं.

मागच्या शुक्रवारी नवी पाटी लिहून म्युझियममध्ये दिली. म्हणजे नोरीन जेवायला गेली होती तेव्हा दाराखालून आत सरकवली. अर्ध्या तासानं ती दुकानात आली, हातात कागद.

"हे खरं आहे?"

"हो."

"मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं."

"हो."

ती काउंटरपाशी बसली. बसायला स्टूल नाही, खताच्या पोत्यावर बसली. म्हणाली, "छत्तीस वर्षं वर्गात विचारलं, खडू कोणी फेकला. वाटायचं, मोठी झाली की सांगत असतील."

"नाही सांगत."

"यात तुमचं नाव आहे, लीटाचं नाही."

"तिनं नको म्हटलंय."

"तुमचं मोठ्या अक्षरात टाकू?"

"बाकीच्यांएवढंच टाका. मोठं केलं तर तीही बढाईच."

पाटी अशी आहे, आवडली नाही तर बदलता येईल: 'अँब्रोज कॉस्टेन यांचा खाणं घालायचा कोट. २० एप्रिल १९४१ रोजी त्यांचा मुलगा हार्लन याने या कोटात कुत्र्याचे पिल्लू आणले आणि कोणाला सांगितले नाही. त्या रात्री सत्तावीस पिल्ले दगावली. दोष दुसरीवर आला व तिला घर सोडावे लागले. खिशातली सुतळी पिल्लाच्या गळ्यातली आहे.' सुतळी शेजारी काचेखाली ठेवणार आहेत. नोरीननं ती धुतली नाही.

पाटीच्या खाली नोरीननं एका ओळीची जागा सोडली आहे, 'हा कोट घालून खाणं घालणारे' या मथळ्याची. बाबांचं नाव आहे, त्यापुढं मोकळं. मी ठेवायला सांगितलं नव्हतं. तिनंच ठेवली. पाट्या २६ तारखेला छापायला जातात. तुझं नाव तिथं हवं असेल तर तिला कळव, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. नको असेल तर काही करू नकोस. ती म्हणते, मोकळी ओळ वाईट दिसत नाही.

रविवारी रात्री मेव्हिसला सगळं सांगितलं. तिनं आपली बशी पुढे सरकवली. मग म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं त्या गोष्टीला मी हसले, हार्लन." उठून भांडी धुवायला लागली, आणि जरा जोरातच धुतली.

माफीचं काही लिहीत नाही. तू दिलीस तर ती तुझी. मागायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. वरच्या खोलीतला पलंग मात्र मी परत लिहितो, कारण पहिल्या पत्रात तो उगीच लिहायचा म्हणून लिहिला होता, आणि आता चादर घालून तयार आहे.

पन्नास वर्षं बटाटेच सोलत बसलेला,
तुझा भाऊ
हार्लन

ता. क. तू विचारशील, हे सगळं पत्रानं कशाला. आईच्या दफनाच्या दिवशी तू सांत्वनाला आलेल्यांच्या वहीत पत्त्याखाली फोन नंबर लिहिला होतास. तो मी त्याच दिवशी उतरवून घेतला. अकरा वर्षं झाली. एकदाही लावलेला नाही.